आवाज विकत घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. संध्याकाळची प्रार्थना आटोपून मी ओसरीवर बसलो होतो, इतक्यात आमच्या गावचा एक तरुण भेटावयास आला. हा मुलगा राहतो निपाणी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. आणि शिकावयास जातो अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात, म्हणजे महाराष्ट्रात. दोन राज्यांची सीमा मधून गेली आहे खरी, पण आमची मुले ती रोज सकाळी ओलांडतात आणि संध्याकाळी परत येतात. वडिलांची थोडी शेती आहे, आई विड्या वळते. घरात एक जुनी बुलेट मोटारसायकल आहे. वडिलांनी ती बेळगावच्या एका निवृत्त सैनिकाकडून घेतलेली.

"फादर, बाबांना माझ्यासाठी एक शब्द सांगाल का?" त्याने चाचरत विचारले.

"कशाबद्दल रे?"

"गाडीला नवा सायलेन्सर बसवायचा आहे. पैसे मीच साठवले आहेत, पण बाबा नको म्हणतात."

"जुना फुटला आहे काय?"

"फुटला नाही, फादर. पण त्याला आवाजच नाही. आवाज नसला तर ती बुलेट कसली?"

ह्या प्रश्नाला तत्काळ उत्तर देण्याइतके माझे यंत्रज्ञान नव्हते. नुसता "बाबांचे ऐक" असा उपदेश करून त्याला वाटेला लावणे सोपे होते. परंतु ज्या गोष्टीची आपल्याला माहिती नाही, तिच्याविषयी तरुणांना उपदेश करू नये, असे माझे मत आहे. म्हणून मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत निपाणीच्या व बेळगावच्या जाणत्या मिस्त्रींना भेटलो, काही वाचले, कायदाही पाहिला. जे हाती आले ते त्या मुलाला तर सांगितलेच. परंतु हल्ली हा प्रश्न घरोघरी निघत असल्यामुळे आपल्या वाचक कुटुंबांपुढेही ते मांडतो.

नावच आवाजावरून पडले

प्रथम त्या मुलाच्या बाजूने बोलले पाहिजे. त्याची हौस काही आकाशातून पडलेली नाही. आपल्या वाडवडिलांनी मोटारसायकल प्रथम पाहिली तेव्हा तिच्या चाकांवरून किंवा वेगावरून तिला नाव दिले नाही. तिच्या आवाजावरून तिला 'फटफटी' म्हटले. म्हणजे आवाज हीच तिची पहिली ओळख.

पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी बुलेट निवडली आणि १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. बेळगाव हे तर छावणीचे गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. लष्करी गणवेशाबरोबर बुलेटचा आवाजही ह्या भागाच्या कानांत बसला. पुढे आपल्याच राज्यात, म्हैसूरला, आयडियल जावा हा कारखाना निघाला. त्याच्या जावा व नंतरच्या येझदी गाड्या १९९६ पर्यंत निघत होत्या. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. तीही १९९६ साली बंद झाली. परंतु तिचा आवाज ऐकून आजही मोठी माणसे मान वळवून पाहतात.

ह्या गाड्यांचे आवाज वेगवेगळे का? बुलेटचे इंजिन चार टप्प्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक. त्यात इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला नऊशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला सात-आठ स्फोट होतात. आपला कान हे ठोके सुटे सुटे ऐकू शकतो. म्हणून ती 'धडधड' वाटते. आरएक्स १०० टू-स्ट्रोक. तिच्यात प्रत्येक फेरीला स्फोट. सहा हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर स्फोट झाले की कानाला सुटे ठोके कळत नाहीत, एक सलग स्वर ऐकू येतो. एकीचा ढोल, तर दुसरीची सनई. ह्यात मनाला गोडी वाटावी ह्यात नवल नाही, व पापही नाही. प्रश्न आहे तो त्या गोडीची किंमत कोण देतो हा.

सायलेन्सरच्या पोटात काय असते

सायलेन्सर ह्या शब्दाचा अर्थच मुळी 'गप्प करणारा'. जास्त आवाजाचा सायलेन्सर मागणे म्हणजे झोप उडविणारी गादी मागण्यासारखे आहे, असे मी त्या मुलाला म्हणालो तेव्हा तो हसला.

अमेरिकेतील रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये ह्या वस्तूचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजपर्यंत तिचे तत्त्व फारसे बदललेले नाही. इंजिनात पेट्रोल जळते, त्याचा तप्त वायू प्रचंड दाबाखाली असतो. व्हॉल्व्ह उघडताच तो नळीत झेपावतो. त्याला तसाच बाहेर सोडला तर बंदुकीच्या बारासारखा आवाज होईल. शेतात पाटाचे पाणी उंचावरून एकदम सोडले, तर सरी फुटतात. म्हणून शेतकरी टप्पे करून, बांध घालून ते शांतपणे उसात शिरवितो. सायलेन्सर वायूला हेच करतो. आत कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचतंतूंची लोकर भरलेली असते. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरतो, निवतो, त्याच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. आणि शेवटी तो नुसता सुस्कारा टाकून बाहेर पडतो.

बाजारात जे आवाजाचे सायलेन्सर मिळतात, त्यांत ह्या कप्प्यांचीच काटछाट केलेली असते. कोणी त्याला पंजाब म्हणतो, कोणी इंदोरी. कोणाला शॉर्ट बॉटल हवी असते, कोणाला लाँग बॉटल किंवा गोल्डस्टार. बाहेरचा आकार व झिलई निराळी, पण आतील रचना बहुधा एकच: एक सरळ नळी, सभोवार थोडी लोकर, आणि पुष्कळदा तीही नाही. काहीजण एवढाही खर्च करीत नाहीत. ते मूळ सायलेन्सरच्या आतील नळी काढून टाकतात किंवा त्याला भोके पाडतात.

ताकद वाढते काय?

विकणारा सांगतो, "गाडीची ताकद वाढते." हे मी तीन मिस्त्रींना विचारले. तिघांचेही उत्तर थोडक्यात असे, की आवाज वाढला म्हणजे बसणाऱ्याला वेग वाढल्यासारखा वाटतो. वाटणे आणि वाढणे ह्यांत अंतर आहे.

जुन्या बुलेटसारख्या कार्बुरेटरच्या गाडीत हवा आणि पेट्रोल ह्यांचे प्रमाण मूळ सायलेन्सर धरून ठरविलेले असते. बाहेरची वाट मोकळी केली की हे प्रमाण बिघडते. हवा जास्त व पेट्रोल कमी असे झाले, तर इंजिन अधिक तापते, प्लग काढून पाहिला तर पांढरट दिसतो, आणि गाडी उतारावर सोडली की नळीत फटाके वाजू लागतात. तरुणांना हे फटाके शौर्याचे वाटतात; जाणत्या मिस्त्रीला ती दुखण्याची खूण वाटते. बरेच दिवस असे चालले, तर बाहेरचा व्हॉल्व्ह जळतो. प्रमाण सुधारावे म्हणून कार्बुरेटरमधील जेट मोठे घातले, तर पेट्रोल अधिक लागते. इतके करून सावकाश फिरणाऱ्या त्या जड इंजिनाला जो लाभ होतो, तो तवंदी घाट चढताना ध्यानातही येणार नाही.

टू-स्ट्रोक गाडीची कथा तर उलटीच आहे. तिच्या इंजिनात बुलेटसारखे व्हॉल्व्ह नसतात. जळका वायू बाहेर जाताना त्याच्याबरोबर थोडे ताजे पेट्रोलही निसटू पाहते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन ह्यांनी १९५० च्या दशकात ह्यावर उपाय परिपूर्ण केला. नळीचा आकार आधी रुंदावत व मग निमुळता होत जाणारा ठेवला, तर वायूचीच एक लाट उलट फिरते आणि निसटू पाहणारे पेट्रोल परत आत ढकलते. अर्थात टू-स्ट्रोकची नळी ही नुसती धुराची वाट नसून इंजिनाचाच एक अवयव आहे. तिला भोक पाडणारा मनुष्य ताकद वाढवीत नाही, गळती वाढवितो. जुनी यामाहा किंवा येझदी सुस्त झाली असेल, तर बहुधा तिच्या आतील नळीवर काजळी साचलेली असते. ती नळी काढून, साफ करून पुन्हा बसविली की गाडीत जीव येतो. ह्या कामाला नवा सायलेन्सर नको, अर्ध्या दिवसाची मेहनत हवी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या नियमाने निघालेल्या नव्या गाड्यांत आणखी दोन वस्तू असतात. एक, धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर. दुसरी, विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ह्यात प्लॅटिनमच्या जातीच्या मौल्यवान धातूंचा मुलामा असतो. स्वस्त नळी बसविताना हा भाग काढून टाकला जातो, म्हणजे आवाजाबरोबर विषही गल्लीत सोडले जाते. आणि गाडीत दोष निघाल्यास, केलेल्या बदलाकडे बोट दाखवून कंपनी हमी नाकारू शकते.

कानाचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि हा हिशेब साध्या बेरजेचा नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. वीस वाढले की शंभरपट. आपल्या देशात १७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीपर्यंतच्या गाडीला ७७ ची. आतील कप्पे काढलेली गाडी जवळून मोजली तर काटा शंभराच्या आसपास जातो. ही गंमत नव्हे.

कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांनी घातलेला दंडक असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ह्या हिशेबाने शंभर डेसिबलला पाव तास उरतो. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. पाव तासात तुम्ही संकेश्वरलाही पोहोचणार नाही. कानाच्या आत जे सूक्ष्म केस असतात ते एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून असा बहिरेपणा औषधाने बरा होत नाही. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सायलेन्सरचे तोंड मागे असते. चालविणाऱ्यापेक्षा मागे बसणारा त्याला जवळचा. मागे कोण बसते? बहीण बसते, पत्नी बसते, दवाखान्यात न्यायची आई बसते.

"आवाज मोठा असला की समोरचा सावध होतो, त्यामुळे अपघात टळतो," असेही काहीजण सांगतात. पण ज्याच्यापासून धोका असतो ते वाहन बहुधा पुढे असते, आणि हा आवाज जातो मागे. पुढच्या मोटारीच्या काचा बंद, आत गाणे लागलेले. तिच्या चालकाला तुमची गाडी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. महामार्गावर जीव वाचवितात ते चांगले ब्रेक, पेटता दिवा, डोक्यावर नीट बांधलेले हेल्मेट आणि ताब्यातला वेग.

सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच कायदा

आमच्या भागात एक गैरसमज आहे, की केए-२३ ची गाडी कागलकडे गेली किंवा एमएच-०९ ची गाडी निपाणीत आली, की तिला कोणी विचारणार नाही. मोटार वाहन कायदा हा केंद्राचा, १९८८ चा. तो कोगनोळी नाक्याच्या अलीकडे व पलीकडे सारखाच लागतो. प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे १९८९ च्या नियमांतील १२० वा नियम सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. ध्वनीचे मान मोडून गाडी चालविणाऱ्याला दंड दहा हजारांपर्यंत, आणि परवाना तीन महिने जाऊ शकतो. जागेवर भरावयाची तडजोडीची रक्कम राज्याराज्यांत निराळी असते, एवढाच काय तो फरक. जप्त केलेल्या सायलेन्सरांच्या रांगा रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविल्याची दृश्ये गेल्या काही वर्षांत दोन्ही राज्यांतील लोकांनी पाहिली आहेत.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालये, शाळा व न्यायालये ह्यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता-क्षेत्र असू शकते. तेथे रात्रीची मर्यादा ४० आहे. ह्यावरून शंभराचा आवाज कोठल्या कोठे जातो, हे सांगावयास नको.

तरीही निवड करावयाची असेल तर

मूळ सायलेन्सर गंजून गेला, फुटला, तर नवा घ्यावाच लागतो. अशा वेळी काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गाडीच्याच कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर तोच घ्यावा. काही कंपन्या स्वतःच्या गाड्यांसाठी नियमांत बसणारे निराळ्या बनावटीचे सायलेन्सरही विकतात. हौस भागवावयाची तर ती तेथे भागवावी. दुसरी, दुकानदाराने "मान्यताप्राप्त" म्हटले तर कोणत्या गाडीसाठी, कोणाची मान्यता, हे कागदावर दाखवावयास सांगावे. परदेशी मालावर युरोपीय खूण असली, तरी ती त्या देशांतील विशिष्ट गाडीपुरती असते. तिसरी, ज्याची आतील नळी एका स्क्रूने निघते असा माल घरात तरुण मुलगा असताना आणू नये; तो स्क्रू निघतोच. चौथी, नवा सायलेन्सर घेण्यापूर्वी इंजिनाजवळील जोड तपासावा. तेथील गॅस्केट जळली की आवाज फाटतो आणि मालकाला वाटते सायलेन्सर गेला. प्रत्यक्षात थोड्या रुपयांचे काम असते. पाचवी, रोज अर्धा-पाऊण किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. त्याला अधूनमधून नीट तापेपर्यंत चालवावे, आणि खालचे बारीक भोक बुजू देऊ नये.

येझदीची गोष्ट

आठव्या दिवशी तो मुलगा आला, तेव्हा वडिलांनाही मी बोलावून घेतले होते. वर लिहिलेले सर्व मी सांगितले. मुलगा ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की त्याला ते सर्व हिशेब वाटत आहेत. हिशेबाने हौस जात नाही.

मग वडील बोलले. ते मितभाषी गृहस्थ आहेत. मी त्यांना इतके सलग बोलताना पूर्वी ऐकले नव्हते.

"फादर, मलाही हौस होती. लग्नाच्या आधी माझ्याकडे जुनी येझदी होती. तिच्या दोन्ही नळ्या मी आतून मोकळ्या केल्या होत्या. महामार्गाला वळलो की आमच्या आईला घरात कळायचे. सगळी गल्ली शिव्या द्यायची, मला मौज वाटायची." ते क्षणभर थांबले. "मग हा झाला. दिवस भरण्याआधीच झाला, अगदी एवढासा. रात्रभर रडायचा. हिने महिना-दीड महिना डोळ्याला डोळा लावला नव्हता. एकदा तो कसाबसा निजला, आणि मी गाडी घेऊन दारात आलो. तो असा दचकला, की त्याचा श्वास अडकला. हिने त्याला उचलले, आणि माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही."

मुलगा खाली पाहत होता.

"दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद करायचो आणि ढकलत घरी आणायचो. पावसातसुद्धा. हातात पैसे आले तेव्हा नव्या नळ्या घातल्या. ह्याला हे कधी सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते?"

ओसरीवर काही वेळ कोणीच बोलले नाही. माझ्या आठ दिवसांच्या अभ्यासाला जे साधले नव्हते, ते त्या बापाच्या चार वाक्यांनी साधले होते. मी दोघांना चहा दिला आणि बोलणे पावसापाण्याकडे वळविले.

आवाज हा असा एकच माल आहे, की तो विकत घेतो एक आणि त्याची किंमत भरतात दुसरे. आपल्या गावांतली घरे भिंतीला भिंत लागून असतात. दिवसभर विड्या वळून पाठ मोडलेली आई, रात्रपाळी करून आलेला शेजारी, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, ह्यांपैकी कोणीही त्या दुकानात सायलेन्सर पसंत करावयास आलेले नसते. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण मुलांना ऐकवितो. पण मुलगा उथळ नसतो, त्याला एवढेच हवे असते की आपण आलो हे कोणाला तरी कळावे. ते त्याला घरातूनच कळत राहिले, तर त्यासाठी नळी फोडण्याची गरज उरत नाही. आईबापांनी एवढे लक्षात ठेवावे.

त्या मुलाने पुढे काय केले, हे मी विचारले नाही. परंतु साठविलेल्या पैशांतून त्याने बुलेटची साखळी व मागचा टायर बदलला, जळलेली गॅस्केट नवी बसविली, हे मिस्त्रीकडून समजले. त्यांच्या समोरच्या घरची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. परवा रात्री अकराच्या सुमारास मी आजाऱ्याला भेटून परतत होतो. गल्लीच्या तोंडाशी बुलेटची धडधड आली आणि एकदम थांबली. मग अंधारात चाकांचा व पावलांचा बारीक आवाज ऐकू आला. कोणी तरी ती जड गाडी चढावरून ढकलत घराकडे नेत होता.